१२५ च्या जागी १२.५ : थायरॉक्सिनची चुकीची बाटली आणि तुमच्या हेल्पलाइनचा सल्ला

इंदिरानगर, नाशिक
दि. १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन औषधविक्री विभाग

महोदय,

गेली तीन वर्षं आमच्या घरची औषधं तुमच्या ॲपवरून येतात. माझ्या सासूबाईंची (वय ७१) थायरॉईड ग्रंथी २००७ साली ऑपरेशन करून काढलेली आहे. त्यांच्या शरीरात थायरॉईडचं हार्मोन तयारच होत नाही. रोज सकाळी उपाशीपोटी घेतलेली १२५ मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिनची गोळी, एवढाच काय तो आधार. ऑक्टोबरमध्ये तुम्ही १०० गोळ्यांची जी बाटली पाठवलीत, तिच्यावर १२.५ छापलं आहे. एका टिंबाने डोस दहापट उतरला.

बाटलीचा आकार तोच, झाकण तेच, म्हणून मीही निरखून पाहिलं नाही. ती माझी चूक, कबूल. पण ॲपवर टाकलेल्या चिठ्ठीत डॉक्टरांनी १२५ अगदी स्वच्छ लिहिलं आहे आणि तुमच्या बिलावर १२.५ आहे. हे दोन कागद शेजारी ठेवून बघण्याचं काम तुमच्या फार्मासिस्टचं होतं.

हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो, त्यामुळे लगेच काही जाणवलं नाही. दिवाळीनंतर त्यांचा आवाज घोगरा झाला, डोळ्यांखाली सूज आली, पोट साफ होईना. घरात बसल्या बसल्या स्वेटरवर शाल. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात तेव्हा सगळं नाशिक कुडकुडतं, म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केलं.

जानेवारीत त्यांना खोकला धरला. १३ तारखेला भोगी. दरवर्षी स्वतः उभं राहून भोगीची भाजी करणाऱ्या बाई दिवसभर पेंगत होत्या. संध्याकाळी ताटातली बाजरीची भाकरी हातात धरून विचारतात, ‘आज काय आहे गं?’ आणि पुन्हा डोळे मिटले. रात्री पावणेदहाला मी तुमच्या ‘चोवीस तास डॉक्टर’वर फोन लावला. थायरॉईडच्या ऑपरेशनचं सांगितलं, अंग गार लागतंय तेही सांगितलं. उत्तर मिळालं : वय झालंय, थंडी आहे, झोपू द्या, गरम पाण्याच्या पिशव्या ठेवा. वर खोकल्यासाठी झोप आणणारं सिरप लिहून दिलं. तीन वर्षांच्या औषधांची यादी तुमच्याच ॲपवर आहे, ती उघडून बघावीशीही वाटली नाही.

नशीब म्हणून सिरप आणायला दुकान उघडं नव्हतं. आणि शेजारी सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या सिस्टर राहतात. त्यांनी नाडी धरली, ४४. थर्मामीटरचा पारा पहिल्या रेघेवरून हलेना. गळ्यावरचा ऑपरेशनचा व्रण बघून त्या म्हणाल्या, ‘गोळीची बाटली आण आधी.’ बाटली वाचली, पिशव्या काढायला लावल्या, नुसतं ब्लँकेट गुंडाळलं आणि १०८ ला फोन केला.

दवाखान्यात याला मिक्सिडिमा कोमा म्हणाले, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन फारच कमी पडल्यावर येणारी जीवघेणी अवस्था. नावात कोमा असला तरी माणूस पूर्ण बेशुद्ध असेलच असं नाही. गुंगी, गोंधळ, गार अंग आणि मंद नाडी एकत्र दिसली की ओळखायचं. त्यात म्हाताऱ्या माणसाला थंडी, छातीचा संसर्ग किंवा झोपेचं औषध या अवस्थेत ढकलायला पुरेसं होतं. बाहेरून एकदम ऊब दिली तर कातडीखालच्या रक्तवाहिन्या फाकतात आणि रक्तदाब कोसळतो. म्हणजे तुमच्या डॉक्टरांचे दोन्ही सल्ले नेमके उलटे. रक्तातलं सोडियम ११८ पर्यंत घसरलं होतं. रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता आधी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड शिरेतून दिलं, मग नाकातल्या नळीतून थायरॉक्सिनची पूड. आयसीयूत सहा दिवस. उपचार मिळूनही अशा पाचांतला एक तरी रुग्ण वाचत नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला व्हरांड्यात सांगितलं. आमच्या बाई वाचल्या. तिळगूळ यंदा रथसप्तमीला केला.

मी ईमेल केल्यावर तुमच्याकडून आलं काय, तर २०० रुपयांचं कूपन आणि ‘औषध घेण्यापूर्वी तपासून घ्यावे’ ही ओळ. कूपन मी वापरलेलं नाही.

मला हवं आहे ते असं. दवाखान्याचं बिल सोबत जोडलं आहे, ते तुम्ही भरा. चिठ्ठीतली आणि पाकिटातली ताकद जुळत नसेल तर ऑर्डर पुढे जाऊच नये, अशी सोय करा. ऑक्टोबरपासून ही १२.५ ची बाटली गेलेल्या प्रत्येक घरी फोन करा, मेसेज नको. अशा वयाची माणसं मेसेज वाचत नाहीत. आणि फोनवर बसणाऱ्या तुमच्या डॉक्टरांना एवढं तरी विचारायला शिकवा : गोळी कोणती, कधीपासून, अंग गार आहे का, हाक मारल्यावर नीट उत्तर देतात का. उत्तरं वेडीवाकडी आली तर ‘आत्ता दवाखान्यात न्या’ म्हणायला पैसे पडत नाहीत.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे जाणार आहे. तुमच्या माणसाने बाटली ‘तपासणीसाठी’ परत मागितली आहे. ती मिळणार नाही. उरलेल्या दोन गोळ्यांसकट ती आमच्या कपाटात आहे. फोटो जोडला आहे.

आपली,
एक ग्राहक