पायऱ्या मोजून कळव

डोंबिवली, 9 जून

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन मध्येच ठेवला. कुकर उतू जातोय म्हणाले, पण कुकर लावलेलाच नव्हता. "तळमजल्यावर आहे, पण खोली चांगली ऐसपैस आहे गं," असं तू म्हणालीस आणि माझ्या तोंडून पुढचा शब्द निघेना. फोनवर आपलं दुसऱ्या वाक्याला वाजतं, म्हणून लिहायला बसले. पाण्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही असं बाबांना कबूल करून बसले आहे.

आधी आनंदाचं. तू कॉलेजात लागलीस, तेही चिपळुणात, हे इमारतीतल्या सगळ्यांना सांगून झालं. दूधवाल्यालाही सांगितलं. तुझे अण्णाआजोबा चौथीपर्यंत शिकले आणि जन्मभर वखारीत दिवाणजी म्हणून राबले. पण संध्याकाळी सुटले की आधी लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात जायचे, उभ्या उभ्या तीन वर्तमानपत्रं वाचायचे, मग घर. ते वाचनालय 1864 पासूनचं आहे. पहिल्या पगारात तिथली वर्गणी भर. 2013 ला साहित्य संमेलन चिपळुणात भरलं, तेव्हा तुम्हाला इथे टाकून मी दादामामाकडे जाऊन राहिले होते, आठवतं? मांडवात बसून मला एकसारखं वाटत होतं, अण्णा असते तर पहिल्या रांगेत येऊन बसले असते. आता त्यांची नात तिथे शिकवणार. हे आठवलं की माझे हात थांबतात.

तू सांगितलेल्या खुणांवरून मी काल कागदावर आळी काढून पाहिली. पेठेतून आत वळलं की डावीकडे सोनाराचं दुकान, त्याच्यापुढे फळ्यांचं किराणा दुकान. त्या फळ्यांवर आकडे घातलेले असायचे आणि सकाळी उघडताना त्याच क्रमाने काढाव्या लागायच्या. मग बोहऱ्यांचं घर, मग आपलं. समोर पानवाल्या आजी. माझा हिशेब बरोबर असेल तर तू पानवाल्या आजींच्या जागेवर झोपतेस. त्यांच्या ओटीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पानांच्या करंड्या असायच्या, आणि आम्ही पोरं उन्हाळ्यात त्या फडक्याला गाल लावायला जायचो. त्या ओरडायच्या नाहीत. "हात नको गो लावू, गाल लाव," म्हणायच्या.

तेव्हा आळीत सगळी चिऱ्यांची घरं, वर नळे. मंगळुरी कौलं ज्यांच्याकडे ते पैसेवाले. आगोटीच्या आधी नळे शाकारायला माणसं यायची आणि आठ दिवस घरभर धूळ. माळ्यावर कांद्याच्या माळा, सुकट, आमसुलं, कडव्या वालांच्या बरण्या. शिमग्याला करंजेश्वरीचे शेरणे, म्हणजे पालखीने पुरलेले नारळ हुडकून काढणं, बघायला दादा मला खांद्यावर घेऊन जायचा. आता तू म्हणतेस की आळीत एकच कौलारू घर उरलंय, बाकी सगळ्या इमारती आणि त्यांच्याखाली गाड्या लावायची जागा. मला त्याचं वाईट वाटत नाही गं. घरं खांबांवर उभी राहिली हे शहाणपणच झालं. म्हणूनच मला कळत नाही की एवढ्या खांबांवरच्या इमारती सोडून तुला नेमकी जमिनीवरची खोली कशी मिळाली.

बघ, आलंच. तर मग लिहूनच टाकते.

मने, पाणी दारातून येत नाही. ते आधी मोरीतून येतं. बाहेर रस्ता नुसता ओला असतो, माणसं छत्र्या घेऊन जात-येत असतात आणि आतल्या मोरीत बुडबुडे यायला लागतात. घोट अडकल्यासारखा आवाज होतो. अण्णा पावसाळ्याचे चार महिने मोरीच्या बाजूला अंथरूण घालायचे. पुढल्या दारी आपल्याला पाच पायऱ्या होत्या. तिसरीवर ते रात्री रिकामा पितळी तांब्या ठेवायचे. पाण्याने तो उचलला आणि दगडावर टण्णकन वाजला की सगळ्यांनी उठायचं. तांदळाचं पिंप आधी, मग कागदांची पेटी, मग अंथरुणं. आणि अण्णांनी भरतीचा हिशेबही शिकवला होता : तिथीला पाऊणपट कर, तितक्या वाजता दाभोळला पुरी भरती. आपल्याकडे खाडी चढायला त्याहून जरा उशीर. पौर्णिमा असली तर पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पाऊस जोराचा आणि भरती एकाच वेळी आली तर वाशिष्ठीला पाणी टाकायला जागाच राहत नाही. त्यात कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणीही तिच्यातच येतं. त्या पाण्यानेच ती भर मे महिन्यात वाहते, म्हणून तिला नावं ठेवायची नाहीत असं अण्णा म्हणायचे. मीही ठेवत नाही. तू फक्त स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिथीचं कॅलेंडर लाव.

शिकवणी झाली ही. माफ कर. तू शिकलेली आहेस, हवामानाचा इशारा तुझ्या फोनवर माझ्याआधी येतो. बाबा म्हणाले, "ती 2021 ला स्वतः चिखल उपसून आली आहे, तिला काय सांगतेस?" तेही खरंच.

पण तू चिखल पाहिलास, पाणी नाही पाहिलंस.

आपण पोचलो तेव्हा पाणी ओसरून चौथा दिवस होता. मंगळवारी आषाढी झाली, बुधवारी बकरी ईद झाली, गुरुवारी, 22 जुलैला पाणी आलं. दोन दिवसांवर पौर्णिमा होती. दादामामा आणि वहिनी वरच्या मजल्यावर अठरा तास. फोन बंद. इथे मी टीव्हीसमोर, आणि टीव्हीवर एसटी आगारातले साहेब रोकड घेऊन बुडालेल्या बसच्या टपावर बसून राहिल्याची बातमी. वाशिष्ठीचा जुना पूल खचला म्हणून हायवे बंद. तू तेव्हा माझ्या मागे उभी राहून माझे केस विंचरत होतीस, उगीचच. मला ते कळत होतं.

आणि मग तिथे गेल्यावर तू वहिनींबरोबर ती बरणी उघडलीस. सगळ्या घरात गुडघाभर गाळ, भिंतीला माझ्या डोक्याच्याही वर ओलीची रेघ, आणि त्या फडक्याने बांधलेल्या बरणीतल्या वालांना बोटाएवढे लांब मोड आलेले. वहिनी इतका वेळ रडल्या नव्हत्या. त्या मोडांवरून हात फिरवत म्हणाल्या, "बिरड्याला झाले असते गो." आणि मग रडल्या. परतीच्या वाटेवर तू गाडीत म्हणालीस, "आई, मी इथे राहायला येणार." मला वाटलं, दमली आहे पोर, म्हणून बोलते. तू खरंच गेलीस.

दादामामाने त्यानंतर घर विकलं आणि कापसाळच्या बाजूला उंचावर गेला. कोणाच्या अंगणातून निळी रेषा गेली, कोणाच्या घरावरून लाल. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. 2005 आणि 2021 मध्ये सोळाच वर्षं गेली, मने. नदीतला गाळ काढा म्हणून लोक साखळी उपोषणाला बसले, मग गाळ काढायला सुरुवातही झाली, हे चांगलंच झालं. लोक जागे आहेत. तरी तू मालकांना विचार, तुझी खोली कुठल्या रेषेत आहे. विचारायला लाजू नकोस.

तुला तिथली ओढ लागली त्याला कारण मीच आहे. 2005 च्या 26 जुलैला बाबा ऑफिसमधून घरी पोचले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ती रात्र तू माझ्या मांडीवर होतीस, सात वर्षांची. तू रडू नयेस म्हणून मी तुला माळ्याच्या गोष्टी सांगत बसले. पाणी भरलं की शाळेला सुट्टी, माळ्यावर पिठलं-भात, कंदिलाच्या उजेडात सोंगट्या, बोहऱ्यांच्या खिडकीतून आपल्या खिडकीत काठीला बांधून आलेल्या नानखटाया. सगळं खरं होतं. त्यानंतर दर पावसाळ्यात तू तेच मागायचीस, आणि मी तेवढंच सांगायची. एक मात्र कधी सांगितलं नाही. आजीलाही नाही, दादालाही नाही.

मी चौथीत होते. घराच्या मागे, परसात, गोठा दोन हात खाली होता. त्या रात्री तांब्या वाजला आणि आजीने गाय सोडली. ती आपली आपण चढणीकडे गेली. आजी मला म्हणाली, "पाडीचं दावं सोड आणि वर ये." मी गेले. पाणी माझ्या मांड्यांपर्यंत. काथ्याचं दावं भिजून फुगलं होतं आणि गाठ दगडासारखी झाली होती. नखं तुटली. माझा हात पुन्हा पुन्हा चुकत होता, कारण ती पाडी माझा हात चाटत होती. वरून दादा ओरडला, "चल लवकर!" मी वर आले. आजीने विचारलं, "सोडलंस ना?" मी म्हटलं, "हो, सोडलं."

ती रात्रभर हंबरत होती. सगळ्यांना वाटलं, गाय कुठेतरी अडकली आहे. मला माहीत होतं कोण आहे ते. पहाटे आवाज थांबला. सकाळी गाय परत आली आणि गोठ्याच्या दाराशी उभी राहिली.

मी फक्त सांगायला हवं होतं की गाठ सुटत नाही. अण्णा कोयता घेऊन गेले असते. दोन मिनिटांचं काम होतं.

हे मी तुला का लिहिते आहे? घाबरवायला नाही. रविवारी मी विचारलं, दाराला पायऱ्या किती आहेत, तर तू म्हणालीस, "असतील गं चार-पाच. काळजी नको करू, सगळं वर ठेवलंय." तुझ्या मागे टेम्पोवाला सामान उतरवल्याचा आवाज मला येत होता. सगळं वर कसं ठेवलं असशील? तू मला बरं वाटावं म्हणून म्हणालीस. मीही तसंच म्हटलं होतं.

खोली सोड असं मी म्हणणार नाही. आत्ता तीन वेळा लिहून खोडलं. पण घर तू शोधलंस, भाडं तू भरतेस, आणि त्या आळीत आपल्या घरचं कोणीतरी पुन्हा राहतंय हे मला इतकं हवंहवंसं वाटतं की त्याचीच भीती वाटते. काल रात्री दिवा मालवल्यावर बाबा म्हणाले, "निदान तिला पानवाल्या आजी कळतील." ते कधी असं बोलत नाहीत.

शनिवारी दादामामा येईल. त्याच्याकडे अण्णांचा तांब्या आहे, तो मी तुला द्यायला सांगितलाय. कल्हई नाही, पण वाजतो छान. वरच्या मजल्यावर कोण राहतं त्यांची ओळख करून घे, पहिल्याच आठवड्यात, काहीतरी करून ने. तुझे घावणे आता चांगले होतात. त्यांना मोकळेपणाने सांग, पाणी आलं तर मी वर येईन. प्रमाणपत्रं प्लास्टिकमध्ये घालून त्यांच्याकडेच ठेवलीस तर उत्तम. बॅगेत टॉर्च, बिस्किटं आणि तुझ्या थायरॉइडच्या गोळ्या. शिवनदीच्या काठाने रात्री चालत येऊ नकोस, पावसात मगरी वर येतात. हे तरी ऐक.

आणि कधी गाठ सुटली नाही तर मला सांग. कसलीही. मी ओरडणार नाही. ओरडले तर ऐकून घे आणि तरी सांग.

आमसुलं संपली आहेत, पेठेतून अर्धा किलो घेऊन ठेव. तिथल्या आमसुलांची सर इथल्यांना नाही.

तुझी
आई

ता. क. पत्र बंद करता करता बाबांनी आठवण केली : चार की पाच, ते अंदाजाने नको. बाहेर जा, मोजून कळव.