खंडाळ्याचा सांधा : मित्रास पत्र

ठाणे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी माझ्या १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेतल्या खंडाळ्याच्या कॅच सायडिंगचा (ब्रेक निकामी झालेली गाडी अडवणाऱ्या बाजूच्या मार्गाचा) सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जोडणी, पुरा झाला. घरात कोणाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुला लिहीत आहे. हाताने ढकललेली मालाची वाघीण क्रॉसिंगवरून, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथून, गेली, तेव्हा चाक खाली बसल्याचा तो ओळखीचा ‘टक्’ आवाज आला नाही, आणि हा सांधा पूर्ण १९.२६ मिलिमीटर गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा) आहे.

होय, तेच गेज. १६७६ मिलिमीटरच्या आपल्या ब्रॉडगेजला ८७ ने भागले की एवढेच येते, आणि बाजारातला तयार रूळ असतो १६.५ चा, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या १४३५ गेजचा. “पावणेतीन मिलिमीटर कोणाला दिसतात?” असे तू दादांच्या गच्चीवर म्हणालास आणि ताटातली आमटी निवेपर्यंत आपण भांडलो. मी आजही तेच म्हणतो : ३२५० मिलिमीटर रुंदीचा आपला डबा त्या अरुंद रुळांवर डोईजड दिसतो, आणि कर्जतच्या फलाटावर वडा खात ज्याने गाडीच्या मागे बँकर, म्हणजे घाट चढवायला ढकलणारी इंजिने, लागताना पाहिली आहेत त्याला तो खटकतोच. शिवाय माझा सांधा ऐन वळणावर येतो, आणि तयार सांध्याची वक्रता कारखान्याने आधीच ठरवलेली असते.

रूळ कोड ७० चा (०.०७० इंच उंचीचा) घेतला, कारण ५२ किलोच्या रुळाची १५६ मिलिमीटर उंची ८७ ने भागली की जवळजवळ तेवढीच, १.८ मिलिमीटर येते. काही स्लीपर तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाचे, बाकीच्या लाकडी पट्ट्या. बोर्डाच्या तांब्याला मधोमध खाच पाडून, मल्टिमीटरने तपासून मगच सोल्डर करायचे, नाहीतर दोन्ही रूळ शॉर्ट होतात. सर्वांत नाजूक काम टंग रेलचे, म्हणजे सांध्यातल्या सरकणाऱ्या टोकदार रुळाचे. तिचे टोक कानशीने इतके पातळ करावे लागते की ती शेजारच्या स्थिर स्टॉक रेलला टेकल्यावर नख फिरवले तरी जोड जाणवू नये. जागेअभावी क्रॉसिंग १ इन ८.५ चे, म्हणजे जरा मोठ्या कोनाचे, ठेवले. गेज वाढले तरी चाकाची फ्लँज (आतली उंच कड) तीच, म्हणून चाकाला क्रॉसिंगवर वाटेत ठेवणाऱ्या चेक रेलची खोबण सव्वा मिलिमीटरच राहते. बदलते ते एका आसावरच्या दोन चाकांमधले अंतर.

आणि तिथेच माझी झोप उडाली आहे. वाघिणीची चाके आसावर बाहेर सरकवली आणि १४.४ चे अंतर १७.१५ झाले, इतके ते सोपे होते. परदेशी डिझेलच्या चासीवर बसवलेल्या आपल्या डब्ल्यूसीजी-२ चे, म्हणजे घाटातल्या त्या विजेच्या इंजिनाचे, काय करायचे? आस आखूड पडतात, आणि चाके बाहेर घेतली की ती बोगीच्या चौकटींना घासतात. चौकटी मी बाहेर घेईन, पण आस नवेच कातावे लागतील. “तोवर मी ढकलतो,” असे दादा म्हणतात, आणि त्यांचा काही भरवसा नाही, ते खरोखरच ढकलत बसतील! पण घाटातला हा सांधा एरवी सायडिंगकडे लावलेला असतो. १:३७ च्या उतारावरून आलेली गाडी थांबते, ब्रेक शाबूत असल्याचे सिद्ध होते, तेव्हाच तो मुख्य मार्गाकडे फिरतो. ते थांबणे इंजिनाने स्वतःच्या बळावर करून दाखवले पाहिजे. त्याच्यासाठी तर हा सांधा बांधला.

कन्येचे लग्न ठरल्याचे काकूंकडून कळले, फार आनंद झाला, तारीख कळव. तुझा गुडघा आता बरा असेल. माझी साखर आटोक्यात आहे.

तुझा लेथ अजून चालू आहे ना? सोबत मूळ आस आणि मापांचे चित्र पाठवत आहे. पोलादाचे सहा आस हवेत. व्यासात तसूभरही फरक नको, कारण चाक सैल बसले तर अंतर टिकणार नाही, आणि एका बाजूच्या विद्युतरोधक बुशला जागा ठेव. गेजवरचे भांडण तू इथे आल्यावर पुढे चालवू, मात्र आस आधी पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधू