पंचेचाळीस लाखांची रेघ: केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री आणि अध्यक्ष, जीएसटी परिषद

महोदया,

गेल्या महिन्यात आम्ही दोघं पुण्यात वाघोलीला फ्लॅट बघायला गेलो होतो. सॅम्पल फ्लॅट बघून झाल्यावर टेबलावर कॉस्ट शीट आली. मूळ किंमत साडेत्रेचाळीस लाख. मनात म्हटलं, बसतंय. मग खालच्या ओळी सुरू झाल्या: पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, वरच्या मजल्याचे जादा पैसे. कर ठरवताना हे सगळं किमतीतच धरतात. बेरीज ४६ लाखांवर गेली आणि १ टक्का जीएसटीचे ५ टक्के झाले. ४५ लाखांच्या घराला कर ४५ हजार, ४६ लाखांच्या घराला २ लाख ३० हजार. ह्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. नगर रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये घर येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

माझी तक्रार बिल्डरबद्दल नाही, त्या रेघेबद्दल आहे. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या ‘परवडणाऱ्या’ घरांना १ टक्का आणि बाकीच्यांना ५ टक्के कर लागतो. परवडणारं कशाला म्हणायचं हे ठरवताना क्षेत्रफळाची अट शहर बघून घातली गेली: मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता या महानगरांत ६० चौरस मीटर कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), इतरत्र ९०. किमतीची अट मात्र साऱ्या देशाला एकच, ४५ लाख.

पुणं त्या महानगरांत नाही. म्हणजे कागदावर आम्हाला ९० चौरस मीटरची, ९६८ चौरस फुटांची मुभा आहे. ती ४५ लाखांत बसवायची तर फुटाला साधारण ४,६५० रुपये भाव पडायला हवा. वर्षभर सुट्टीच्या दिवशी आम्ही धायरी, उंड्री, मोशी पालथं घातलं. कार्पेटवर असा भाव आम्हाला कुठे मिळाला नाही. वाघोली तर २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी, तिथे सोसायट्यांना पाण्याचे टँकर लागतात, तरीही नाही. माझ्या धाकट्या दिरानं नागपुरात याच रकमेत ऐसपैस टू बीएचके घेतला, गॅलरीत तुळशीला ऊन येतं. त्याचं घर झालं याचा आम्हाला आनंदच आहे. पण दोघा भावांचा पगार जवळपास सारखा असताना एकाचं घर परवडणारं ठरतं आणि दुसऱ्याचं चैनीचं, ते केवळ शहर वेगळं म्हणून.

शहरागणिक भाव वेगळे असतात हे सरकारी यंत्रणेला ठाऊक नाही असंही नाही. प्राधान्य क्षेत्रातल्या, म्हणजे बँकांनी कर्जाचा ठरावीक वाटा द्यायलाच हवा अशा क्षेत्रातल्या, गृहकर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२५ पासून लोकसंख्येनुसार तीन टप्पे केले आहेत: ५० लाख आणि त्याहून मोठ्या शहरांत ६३ लाखांपर्यंतचं घर, १० ते ५० लाखांत ५७, त्याखाली ४४. पुण्यातलं ५५ लाखांचं घर बँकेच्या हिशेबात बसतं, जीएसटीच्या नाही. बँकेच्या घरभाव निर्देशांकात पूर्वी १० शहरं होती, आता १८ आहेत. त्यात पुणं आहे, नागपूरही आहे. आमच्या राज्याचे रेडी रेकनरचे दर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार ठरवतं ते जागेचे भाव, बघा: २०२५-२६ साठी पुणे महापालिका क्षेत्रात सरासरी ४.१६ टक्के वाढ झाली, शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९, सोलापुरात १०.१७. एकाच राज्यात, एकाच वर्षी एवढी तफावत.

२२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याबद्दल मनापासून आभार. पण २०१९ ची रेघ तेव्हाही जागची हलली नाही.

परिषदेच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मांडाव्यात, ही विनंती. ४५ लाखांची मर्यादा शहरनिहाय करून ती दरवर्षी निर्देशांकाप्रमाणे बदलावी. आणि मर्यादा ओलांडली तर ५ टक्के फक्त वरच्या रकमेवर लावावेत, जसं प्राप्तिकराच्या टप्प्यांत होतं. तसं झालं असतं तर आमच्या ४६ लाखांवर कर ५० हजार बसला असता.

आमचा अकरा महिन्यांचा भाडेकरार मे महिन्यात संपतोय. ती कॉस्ट शीट अजून कपाटात आहे, टोकन दिलेलं नाही.

आपली,
धनकवडीतली एक भाडेकरू, पुणे