नवतपा, कूलर आणि आमच्या चिठ्ठ्या

प्रिय बंडू,

नागपूरचं कसं काय म्हणून विचारलं होतंस ना, तर नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू आहे आणि दुपारी बर्डीच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आमच्या वाचनालयात मात्र पाय ठेवायला जागा नाही, वाचनकक्षात दोन मोठे कूलर आहेत म्हणून स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी आठलाच खुर्ची धरून बसतात, आणि आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटाला उघडतात त्यामुळे बालविभागात अजून धिंगाणा चालूच आहे. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे, व्हॉट्सॲपवर मावलं नसतं म्हणून पत्र लिहून राहिलो, चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

मार्चमध्ये एक रिटायर्ड बाई पुस्तक बदलायला आल्या. नेहमी येतात. त्या दिवशी सहज म्हणाल्या, तुम्ही लोक स्वतः काय वाचून राहिले सध्या? आणि बंडू, काउंटरला आम्ही चौघं उभे होतो, चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. चांगली पुस्तकं कोणती विचारलं असतं तर मी धडाधडा वीस नावं सांगितली असती, पण सध्या काय, तुम्हाला काय आवडलं, याला कोणाकडेच उत्तर नव्हतं. मला ते रात्रभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रंथपाल मॅडमनी ठरवलं की दर शनिवारी प्रत्येकानं एक चिठ्ठी लिहायची, नुकतंच वाचलेलं किंवा पाहिलेलं आणि खरंच आवडलेलं काहीतरी, आणि ती काउंटरशेजारच्या बोर्डावर टाचायची. अट एकच. "छान आहे, जरूर वाचा" असं लिहायचं नाही, तुम्हाला ते कुठं धरलं ते लिहायचं. सिनेमा, नाटक, सीरीज काहीही चालेल म्हणाल्या तेव्हा मी विरोध केला, म्हटलं मॅडम, आपण वाचनालय आहोत, टीव्हीची जाहिरात कशाला करायची. ते माझं चुकलं, कसं ते पुढं येतंच.

सगळ्यात आधी चिठ्ठी कोणाची आली असेल? आमच्या शिपाई काकांची! वीस वर्षं पुस्तकं रॅकवर लावून राहिले, त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं की तुम्ही वाचता का. काका नवेगावबांधच्या तलावाच्या बाजूचे. त्यांनी मारुती चितमपल्लींचं 'चकवाचांदण' लिहिलं, अक्षर असं ठसठशीत की लांबून वाचता येतं. जंगल खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाचं आत्मचरित्र, 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले, हे सगळं मला माहीत होतं आणि पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. काकांनी लिहिलं होतं की कावळे जिथं वस्तीला जमतात त्या जागेला या माणसानं 'काकागार' असा शब्द दिला, आमच्या घरामागच्या चिंचेवर रोज संध्याकाळी तेच व्हायचं पण त्याला नाव असतं हे मले आता समजलं. मी त्यांना म्हटलं काका, भारी लिहिलं. तर म्हणे, "मी तं वाचून रायलो आन् मले आमचा तलाव दिसून रायला, मंग काय लिवायचं दुसरं." त्या पुस्तकाच्या मागची तारखेची स्लिप मी काढून पाहिली, शेवटचा शिक्का सात वर्षांपूर्वीचा. आता ते हातात टिकत नाही, परत आलं की दुसरा उभाच असतो, आणि लोक काउंटरला न विचारता सरळ काकांकडे जातात. काका आता शर्टाच्या खिशाला पेन लावून येतात बे.

देवघेवच्या ताईंनी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घेतलं. दुपारचा डबा खाताना वाचायच्या आणि एकट्याच हसायच्या, लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या वेडापायी बाजारातून आलेलं सगळं धुऊन घ्यायचे तो भाग आला तेव्हा आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला. आणि दोन दिवसांनी बघतो तर डोळे लाल. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई मागं राहिल्या, पाचेक वर्षांनी त्याही त्या वाटेनं गेल्या, पण ती मधली वर्षं ज्या साधेपणानं लिहिलीत ना! कोणावर राग नाही, कीव मागणं नाही. ताईंनी चिठ्ठीत लिहिलं, हे नवराबायको आपल्या नागपुरात राहत होते आणि नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या माणसानं टिळकांना बायबल दिलं, तिथून सगळं फिरलं, मी दर महिन्याला त्याच लाइनवरून माहेरी जाते. बस, एवढंच. पुढच्या आठवड्यात तीन बायका ते मागायला आल्या, त्यातल्या दोघींचं माहेर डोंगरगड-राजनांदगावकडचं.

आता सीरीजचं सांगतो. आमच्याकडे कॉम्प्युटरवर एन्ट्री करणारा पोरगा आहे, सोबत एमपीएससीचा अभ्यास करतो. त्यानं 'पंचायत' लिहिलं, 2020 ला प्राइमवर आली ती. इंजिनिअर झालेला मुलगा, दुसरं काही मिळालं नाही म्हणून वीस हजारावर फुलेरा गावात सचिव होतो आणि रात्री ऑफिसातच कॅटचा अभ्यास करतो. पोरानं लिहिलं होतं, मी पण इथं तात्पुरता आलो होतो. एवढीच ओळ. मी ती वाचली आणि त्याच्याशी नीट बोललोच नव्हतो आजवर हे लक्षात आलं, त्या संध्याकाळी त्याला तर्री पोहे खायला घेऊन गेलो. तर वाचनकक्षातला एक मुलगा ही चिठ्ठी बघून आला, म्हणे सर सीरीज तर पाहिली, असं पुस्तक आहे का काही? माझ्या डोक्यात एकदम 'बनगरवाडी' आलं. व्यंकटेश माडगूळकरांचं, 1955 चं. तोच तर मामला, कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत शाळेवर जातो, आधी कोणी विचारत नाही, मग हळूहळू वाडीचा होतो, आणि शेवटी दुष्काळ पडून वाडीच उठून जाते. पोरगं चार दिवसांत परत आलं, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणालं, सर, कारभारी आवडला. त्यानंतर मी सीरीजवरून तोंड उघडलेलं नाही. बी.लिब.ला ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचे पाच नियम पाठ केले होते, 1931 चे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, परीक्षेत पाच मार्कांना यायचे. ते त्या दिवशी समोर टेबलावर पडलेले दिसले मला.

माझी चिठ्ठी? पहिली कोणी घेतलीच नाही. मी महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' लिहिलं होतं, म्हणजे असं की 1985 मध्ये विजया मेहतांनी बसवलेलं, विदर्भातल्या पडत्या वाड्याचं अत्यंत महत्त्वाचं नाटक. महिनाभर बोर्डावर राहिली, कोपरे वळले. मॅडम म्हणाल्या, यात तुम्ही कुठं आहात? मग मी नाटक परत वाचलं, एका बैठकीत, आणि बंडू, दारात बंद पडून राहिलेला तो ट्रॅक्टर आला तिथं मी थांबलो. तुमच्या गावच्या घराच्या ओसरीवरचं थ्रेशर आठवतं? आपण त्यावर बसून आंबे खायचो आणि तुझे आबा म्हणायचे पुढच्या हंगामात दुरुस्त करू. नाटकात वडील गेल्यावर मुंबईचा भाऊ येतो, तेराव्याचा खर्च कोणी करायचा, सोनं कुठं आहे, आणि माजघरात म्हातारी. तू घर विकायला आला होतास तेव्हा मी सोबत यायला पाहिजे होतं, आलो नाही, कामाचं कारण सांगितलं. हे सगळं बोर्डावर लिहिलं नाही, फक्त थ्रेशरचं लिहिलं. पुस्तक दुसऱ्याच दिवशी गेलं. घेऊन जाणारे आजोबा म्हणाले, आमच्याकडे मोटारपंप होता.

तुला हे नाटक आवडेल का मला माहीत नाही, कदाचित अर्ध्यावर ठेवून देशील, पण वाचून मला लिही. तुझं जुनं सभासद कार्ड मी चालू ठेवलंय, वर्गणी भरलीय, त्याची चर्चा नको. पुस्तक परत आलं की तुझ्या नावावर काढून ठेवतो, जूनमध्ये येशील तेव्हा घेऊन जा. आणि तू सध्या काय वाचून राहिला, काय पाहून राहिला, ते एका कागदावर लिहून पाठव, कुठं धरलं ते लिही. काकांनी बोर्डावर एक जागा मोकळी ठेवलीय, वर खडूनं लिहिलंय "पुण्याचे पाहुणे."

काकूंना नमस्कार, पोरांना पापे.

तुझाच,
बाळ्या