फामागुस्ता कोणत्या वेळचा करावा?

पुणे

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

इतक्या महिन्यांनी माझे पत्र येते आहे म्हणजे काहीतरी घडले असणार, हे तू पाकीट पाहूनच ओळखले असशील. सेंच्युरियन रणगाड्याच्या मॉडेलचे कन्व्हर्जन किट, म्हणजे एका प्रकाराचा दुसरा प्रकार करण्याचे सुटे भाग, आले, बापूकाकांनी ते पाहिले, आणि पाहून ते जे बोलले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगण्यात अर्थ नाही. बाकी आईचा गुडघा बरा आहे आणि माझी साखर आटोक्यात आहे.

मूळ किट एएफव्ही क्लबचे, १/३५ प्रमाणातले मार्क ५/१, म्हणजे ऑस्ट्रेलियन फौजेने व्हिएतनाममध्ये वापरलेला रणगाडा. १९७१ साली आपल्या लष्करातल्या १७ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटकडे होते ते मार्क ७, आणि मला करायचा आहे तो त्यांतलाच एक, फामागुस्ता नावाचा. त्यामुळे ऑस्ट्रेलियनांनी मागे जोडलेली जादा इंधनटाकी वगळायची, आणि मार्क ७ मध्ये इंजिनावरचे डेक बदललेले असल्याने प्लॅस्टिकच्या हलमधला, म्हणजे रणगाड्याच्या धडातला, तेवढा भाग कापून तिथे रेझिनचा बसवायचा. रेझिनचे भाग साबणाच्या पाण्यात धुऊन ओतीव ठोकळ्यापासून सोडवले आहेत. घासकाम मास्क लावून, पॉलिश पेपर ओला ठेवूनच केले, कारण ती पूड फुप्फुसांना फार वाईट. डेकचा एक कोपरा वाकडा निघाला होता, तो गरम पाण्यात धरल्यावर सरळ झाला. प्लॅस्टिकचे सिमेंट रेझिनला धरत नाही, तेव्हा जोड सगळे इपॉक्सीने करायचे. इथे एक मिलिमीटर चुकला की खऱ्या रणगाड्यात साडेतीन सेंटिमीटर चुकतात, म्हणून करवत हातात घेण्यापूर्वी मी रेघा आखतो, पुसतो आणि पुन्हा आखतो.

तुझा शर्मन रणगाडा आठवतो का? तू त्याला लांब नळी लावलीस आणि ‘झाला फायरफ्लाय’ म्हणालास. मी म्हणालो की सतरा पौंडी तोफ आत बसवण्यासाठी इंग्रजांना रेडिओ टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाच्या, मागे पेटीत हलवावा लागला, लोडरसाठी वर वेगळे झाकण कापावे लागले, पुढचा मशीनगनवाला काढून त्या जागी दारूगोळा भरावा लागला. एवढे सगळे केल्यावाचून तो फायरफ्लाय होत नाही. त्यावर तू पूर्ण गणेशोत्सव माझ्याशी बोलला नाहीस, आणि सुमी आपल्या दोघांमध्ये निरोप आणून पोचवत राहिली. माझे म्हणणे आजही तेच आहे. मात्र त्या भांडणात तू एक प्रश्न विचारला होतास, की हा रणगाडा कोणत्या दिवसाचा आहे ते आधी सांग. तोच प्रश्न आता माझ्यापुढे उभा आहे.

माझ्या मनात फामागुस्ता जळतानाचा होता. १६ डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्ध, बसंतर नदीच्या पलीकडे जरपाल. रणगाड्याला आग लागल्यावर त्यातला पूना हॉर्सचा तरुण अधिकारी अरुण खेत्रपाल याला बाहेर पडण्याचा हुकूम झाला, आणि तोफ अजून चालते आहे असे सांगून त्याने तो मानला नाही. तो अवघा एकवीस वर्षांचा होता आणि त्याचा जन्म आपल्या पुण्यातला. त्याचे मोठेपण त्या नकारात आहे असे मला वाटते. मग जखम न दाखवता कोरा, देखणा रणगाडा करणे म्हणजे दिलेली किंमत झाकणे नव्हे काय? बापूकाकांना मी हे सगळे समजावले. ते बराच वेळ टरेट हातात धरून बसले आणि म्हणाले, “जळालेला कशाला? आत पोरं जिवंत आहेत तेव्हाचा कर.”

त्या वाक्यापासून काम थांबले आहे. त्याच रणगाड्यात रेडिओ सांभाळणारा सवार नंदसिंगही गेला, हे मी विसरू शकत नाही. २००१ साली अरुणचे वडील ब्रिगेडियर खेत्रपाल लाहोरला गेले, तेव्हा ज्यांच्या घरी उतरले त्या पाकिस्तानी ब्रिगेडियर नासर यांनीच त्यांना सांगितले, की तुमचा मुलगा माझ्या हातून पडला. तीस वर्षांनी ते ऐकणाऱ्या बापापुढे मी कोणते मॉडेल ठेवू शकलो असतो, असा विचार केला की जळका टरेट रंगवायला हात उचलत नाही. उलट पंधराच्या रात्रीचा विचार कर: सुरुंग पुरते निघालेले नसताना पूना हॉर्सचे रणगाडे त्या पट्ट्यातून पुढे गेले. तेव्हा चौघेही आत होते आणि पुढे काय आहे याची त्यांना कल्पना होती. धैर्य तिथेही आहेच, आणि ते एकट्या अरुणचे नाही. तरीही पाहणाऱ्याला तो नकार दिसणार नाही, ही रुखरुख जात नाही.

निर्णय आधीच व्हायला हवा. रात्रीचा करायचा तर झाकणे उघडी ठेवून माणसे टरेट चिकटवण्यापूर्वी आत बसवावी लागतील. जळतानाचा करायचा तर टरेटला भोक पाडावे लागेल, आणि एकदा पाडलेले भोक मला बुजवायचे नाही. नगरला आपण तिघांनी फामागुस्ता पाहिला तेव्हा तू त्याच्याभोवती फिरून काढलेली रेखाचित्रे तुझ्याकडे असतील, तर ती पाठव.

तुझी नाशिकची बदली झाल्याचे सुमीकडून कळले. घर मिळाले का? रेवाला दहावीसाठी माझे आशीर्वाद सांग, वहिनींना नमस्कार.

रेघा आखून झाल्या आहेत, हल अजून कापलेले नाही. रात्रीचा करू की जळतानाचा, एवढे कारणासकट कळव. “तुला वाटेल ते कर” असे मात्र लिहू नकोस.

तुझा,
श्रीधर