बैठक चालवायला पण शिकावं लागतं

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात वक्तृत्व स्पर्धांच्या बातम्या नेहमी असतात, बक्षीस घेतानाचे फोटो असतात, चांगलंच आहे. सातारा जिल्ह्यात बोलणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. ग्रामसभा असो नाहीतर गणपती मंडळाची मीटिंग, माईक हातात आला की माणूस क्रांतिसिंह नाना पाटील आणि प्रतिसरकारपासून सुरू करतो आणि गटारीच्या विषयावर यायला पाऊण तास लावतो. पण दुसऱ्याला बोलतं करायचं, पंधरा-वीस जणांना एका विषयावर धरून ठेवायचं आणि उठायच्या आत काहीतरी ठरवायचं, हे कोण शिकवतं?

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत ७५ टक्के पालक लागतात आणि निम्म्या बायका लागतात, म्हणून मला घेतलं, हे मला पण माहितीय. आम्हाला एक पुस्तिका मिळाली, त्यात अधिकार आणि कर्तव्यं ओळीनं दिलेली, पण मीटिंग घ्यायची कशी यावर एक अक्षर नाही. पहिली मीटिंग अडीच तास चालली. विषय होता शनिवारच्या सकाळच्या शाळेला पोरं कमी का येतात. तीन पुरुष बोलले, ते पण कंपाऊंडच्या भिंतीवर, मग एकजण म्हणाले आया लाड करतात, झोपू देतात, आणि सगळ्यात मोठी चूक माझी, मी अध्यक्ष म्हणून आधीच बोलून बसले की मला पण तसंच वाटतं. झालं, सगळ्यांनी माना हलवल्या, मागं बसलेल्या बायकांनी रजिस्टरवर सह्या केल्या आणि घरी गेल्या.

आमच्या थोरल्या जाऊबाई उमेदच्या, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटांमध्ये सीआरपी आहेत, म्हणजे गटांना मार्गदर्शन करणाऱ्या गावातल्याच ताई. त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं तू खुर्च्या रांगेत लावल्यास तिथंच मीटिंग संपली. त्यांच्या ट्रेनिंगमध्ये दुसऱ्यांना बोलतं करून बैठक चालवणाऱ्या माणसाला सुलभक म्हणतात, नाव सुलभक असलं तरी काम काही सुलभ नाही. पुढच्या वेळी सतरंजीवर गोल बसवलं, तर एक काका म्हणाले, सत्यनारायण आहे का? हसले सगळे, पण बसले. हो-नाही मध्ये उत्तर येईल असा प्रश्न विचारायचा नाही हे जाऊबाईंनी बजावलेलं, म्हणून विचारलं, शनिवारी सकाळी तुमच्या घरात काय काय चाललेलं असतं? कुणीच बोलेना. अशा वेळी आपली जीभ वळवळते, पण त्यांनी सांगितलं होतं की मनात दहा आकडे मोजायचे. मोजले. मग म्हटलं शेजारच्या दोघी-दोघी आधी आपापसात बोला, पाच मिनिटं. तेव्हा कुठं कळलं की वरच्या आळीला नळाला एक दिवसाआड पाणी आहे आणि ते बऱ्याच शनिवारी नेमकं शाळेच्या टायमाला येतं, आया पाणी भरतात आणि मोठी पोरगी धाकट्याला सांभाळत बसते. अडीच तासाच्या भाषणात हे निघालं नव्हतं. पाणी सोडणाऱ्याला विनंती केली, त्यानं एका आळीची वेळ बदलली, दुसरीचं अजून भिजत घोंगडं आहे.

सगळंच जमलं असं नाही हां. एकदा मी सगळ्यांना क्रमानं बोलायला लावलं, एका लाजऱ्या सुनेला ते इतकं जड गेलं की पुढच्या मीटिंगला ती आलीच नाही. तेव्हापासून ‘पुढं जा’ म्हणायची मुभा ठेवलीय. जे फार बोलतात त्यांना घड्याळ बघायचं काम दिलंय, दुसऱ्याला थांबवता थांबवता ते स्वतः पण थांबतात. भिंतीचा विषय मध्ये घुसला की तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते, म्हणजे माणूस दुखावत नाही आणि गाडी रुळावर राहते. चार कामातलं आधी कुठलं करायचं हे ठरवायला प्रत्येकाला तीन चिंचोके देते, हवं त्या कागदावर ठेवा, हात वर करताना सासू काय म्हणेल हे बघावं लागत नाही. उठताना मात्र कोण करणार, कधीपर्यंत, हे वाचून दाखवायचंच, नाहीतर सगळं मुसळ केरात.

आता मुद्दा ग्रामसभेचा. कोरमला, म्हणजे सभा भरली असं धरायला, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात, ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची हे पण कायद्यात आहे. पण कायदा डोकी मोजतो, तोंड किती जणांनी उघडलं ते मोजत नाही. आपल्याच तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ ला पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांच्या पाणी अडवायच्या स्पर्धेत, पहिला नंबर काढला, श्रमदानाचे फोटो सगळ्यांनी पाहिले, पण त्याआधी गावातली माणसं ट्रेनिंग घेऊन आली होती हे कुणाच्या लक्षात राहत नाही. माझं म्हणणं एवढंच की १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या आधी पंचायत समितीनं सरपंच, ग्रामसेवक आणि शाळा समितीवाल्यांना एक दिवस हे शिकवावं, बाहेरून मोठा पाहुणा नको, शिकवायला गावोगावच्या सीआरपी ताई आहेत की, त्यांना मानधन द्या आणि वाटल्यास हार पण घाला. आणि आपण वक्तृत्वाच्या बातमीशेजारी एखाद्या नीट झालेल्या बैठकीची बातमी छापून बघा, फोटोत कुणीच उभं नसेल, चालेल.

आमची पुढची मीटिंग शनिवारी चारला आहे. विषय कंपाऊंडची भिंत. चिंचोके घेऊन चाललेय.

एक पालक,
ता. कोरेगाव, जि. सातारा