डांबराच्या भीतीविषयी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र वाचून काळजी वाटली. पाठीवरचे चट्टे पुन्हा पसरले आहेत, त्वचारोगतज्ज्ञांनी कोल टार (कोळशाच्या डांबराचे मलम) आणि अतिनील किरणांचे उपचार सुचवले आहेत, आणि ‘डांबराने कर्करोग होतो’ असे कोणीतरी सांगितल्यापासून तू पुढची तारीख घ्यायला तयार नाहीस. सोरायसिससाठी, म्हणजे या खपल्या धरणाऱ्या त्वचारोगासाठी, हे दोन्ही उपचार मी घेतले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझी भीती निराधार नाही. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, आणि काजळीतली बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये कोळशाच्या डांबरातही असतात. मात्र वर्षानुवर्षे डांबराच्या धुरात राबणे वेगळे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली मलम लावणे वेगळे. नेदरलँड्समध्ये सोरायसिस आणि इसबाच्या १३,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या; २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, स्टिरॉइड मलमे वापरणाऱ्यांच्या तुलनेत टार वापरणाऱ्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले नाही.

टार आणि यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) एकत्र वापरण्याची पद्धत अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये विल्यम गोकरमन यांनी १९२५ साली मांडली. तिथेच पुढे अशा रुग्णांचा २५ वर्षे मागोवा घेतला गेला, तेव्हाही त्वचेच्या कर्करोगात लक्षणीय वाढ आढळली नाही. किरणांनी त्वचेतल्या चिडलेल्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) शांत होतात, तर टारमुळे पेशींची बेसुमार वाढ मंदावते, खपल्या सुटतात आणि खाजही कमी होते. रोग मुळापासून जात नाही, पण त्वचा कित्येक महिने स्वच्छ राहू शकते, आणि ज्याने रात्र रात्र खाजवत काढली आहे त्याला त्याचे मोल सांगावे लागत नाही.

डॉक्टरांना एक प्रश्न मात्र जरूर विचार: किरण कोणते? आता बहुतेक ठिकाणी नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे फक्त ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचे किरण, देतात. त्वचा प्रकाशाला संवेदनशील करणाऱ्या सोरालेनच्या गोळ्या घेऊन दिले जाणारे यूव्हीए (दुसऱ्या प्रकारचे अतिनील) किरण, म्हणजे ‘पुवा’, फार वेळा घेतल्यास विशेषतः गोऱ्या त्वचेच्या लोकांत कर्करोगाचा धोका वाढतो, हे सिद्ध झालेले आहे. या दोन्हींची सरमिसळ करूनच लोक घाबरवतात, असे माझे मत आहे.

टार लावताना हात नेहमी केसांच्या दिशेने, वरून खाली फिरव. उलटसुलट चोळल्यास केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. काखेत, जांघेत किंवा चिघळलेल्या जागी ते लावू नकोस. वास उग्र असतो आणि डाग निघत नाहीत, म्हणून जुने सुती कपडे वेगळे काढून ठेव. टारमुळे त्वचा उन्हाला हळवी होते, तेव्हा त्या दिवसांत ऊन टाळ. किरण घेण्यासाठी पुरुषभर उंचीच्या अतिनील नळ्यांच्या कपाटात उभे राहताना गॉगल आणि जननेंद्रियांवर आच्छादन हवेच. सुरुवातीला अगदी थोडाच वेळ किरण देतात आणि मात्रा हळूहळू वाढवतात. आदल्या वेळेची लाली किंवा जळजळ उरली असेल, तर आत जाण्यापूर्वीच सिस्टरना सांग. आठवड्यातून साधारण तीन वेळा जावे लागेल, तेव्हा कचेरीत आधीच सांगून ठेव.

रक्तदाबाच्या किंवा अन्य ज्या गोळ्या घेत असशील, त्यांची यादी सोबत ने, कारण काही औषधांनी त्वचा किरणांना जास्त संवेदनशील होते. पहिल्या आठवड्यानंतर कसे वाटते ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक